शनिवारचे आकडे

पद्मा त्या गुरुवारी भांडायलाच निघाली होती, आणि भांडणाची तयारीही तिनं कॉलेजात तास घ्यायच्या तयारीसारखी केली होती. पर्समध्ये चौकटीचा कागद, कागदावर सोळा आकडे, खाली लाल शाईत उत्तर आणि उत्तराभोवती दोनदा गोल. दहा पूर्णांक बारा. अलिबागच्या कॉलेजात तीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या बाईनं काढलेलं उत्तर ते, कुणाची टाप होती खोडायची? दुपारचे तास दुसऱ्या मॅडमच्या गळ्यात मारून ती लवकर सुटली, चौल नाक्यावर धर्माची रिक्षा धरली आणि म्हणाली, "घरी नको, आधी रेवदंड्याला चल." घर तिथून पाच मिनिटांवर होतं. नवरा घरात एकटा होता. पण बाईंच्या डोक्यात भांडण शिरलं होतं ना, मग घर कशाला आठवतंय!

हे आकडे कसले, ते आधी सांगायला हवं, कारण त्यांच्यावर एक जीव टांगलेला होता. पद्माचा नवरा माधव. चौलला नारळ-पोफळीची वाडी, स्वभावानं गरीब, देवावर भाबडी श्रद्धा. गेल्या डिसेंबरात मुंबईला त्याच्या हृदयातली किडकी झडप काढून धातूची बसवली. धातू रक्ताला परका, रक्त त्याच्यावर गोठायला बघतं. म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. आणि रक्त किती पातळ झालंय, ते आय.एन.आर. नावाचा एक आकडा सांगतो. माधवचा हा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर कुठंही रक्त फुटेल आणि थांबणार नाही. एवढ्याशा फटीत नवऱ्याला उभं करून पद्मा नऊ महिने श्वास रोखून जगत होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. भाजी निवडताना, पेपर तपासताना, आंघोळ करताना, डोक्यात एकच: आज किती असेल?

डॉक्टर अलिबागचे. ते म्हणाले, पावसाळ्यात जरा वरचेवर तपासा. म्हणून दर शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असायचं तेव्हा पद्मा माधवला अलिबागच्या लॅबमध्ये न्यायची. शिवाय आठवड्यात मधे कधीतरी माधव बाजाराला म्हणून रेवदंड्याला गेला की तिथल्या मृणालीच्या सेंटरमध्ये बोट टोचून घ्यायचा. आणि इथंच घोडं अडलं. अलिबागचे आकडे कसे शहाण्यासारखे: दोन पूर्णांक आठ, तीन, तीन पूर्णांक एक, फार झालं तर तीन पूर्णांक चार. रेवदंड्याचे मात्र भूत लागल्यासारखे. एकदा एक पूर्णांक नऊ, पुढच्या खेपेला चार पूर्णांक तीन. चारचा आकडा बघितला की पद्मा रात्री दिवा लावून त्याचं अंग तपासायची, दोनच्या खालचा बघितला की त्याच्या छातीला कान लावून बसायची.

आठ आठवडे तिनं हे सोसलं आणि मग कागद घेऊन बसली. दोन्हीकडचे आठ-आठ आकडे. गंमत अशी, की सरासरी दोन्हीकडची बरोबर तीन. पण पसारा? रेवदंड्याचा पसारा अलिबागच्या दहापट. पद्मानं टिचकी वाजवली. यंत्र खराब आहे, दुसरं काय! सरळ गणितानं सिद्ध झालं.

गेल्या शनिवारी, नवव्या खेपेला, अलिबागचा आकडा दोन पूर्णांक चार आला, म्हणजे अडीचच्या खाली. डॉक्टर घुटमळले. म्हणाले, "मॅडम, रेवदंड्याला परवा परवा चार आला होता. गोळी वाढवायची घाई नको, आठवडाभर थांबू." त्यावर पद्मानं तिथंच कागद उलगडला. "ते रेवदंड्याचे आकडे फेकून द्या. मी एफ टेस्ट लावून बघितलीय." डॉक्टरांनी मान डोलावली, आणि माधवची रोजची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमनं वाढली. शनिवारच्या रात्रीपासून.

मृणालीचं सेंटर मच्छीबाजाराच्या मागच्या गल्लीत. पोरगी पेणकडच्या आगरी घरातली, आजा मिठागरात राबला, बाप ट्रक चालवतो, आणि ही कोर्स करून रक्त तपासते. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कामाला वाघ. पद्माला बघून ती स्टुलावरून उठली.

"मॅडम, या ना. काका न्हाय आले?"

"मी बसायला आलेली नाही. तुझं यंत्र बिघडलंय आणि मी ते सिद्ध करून आणलंय. लोकांच्या जिवाशी खेळतेस तू."

पोरीचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही की चिडली नाही. "कंपनीचा माणूस गेल्याच महिन्यात यंत्र तपासून गेलाय, मॅडम. पण तुम्ही म्हणता सिद्ध झालं, तर ते कसं, मला समजंल असं सांगा. चूक असंल तर आजच्या आज बंद करते."

आता, मास्तर माणसाची एक गोची असते. 'समजावून सांगा' म्हटलं की त्याचा राग गळतो. पद्मानं पर्स टेबलावर ठेवली आणि पेन काढलं.

"असं समज, चौल नाक्यावर सकाळी दोन एसट्या येतात. दोघींची सरासरी वेळ साडेसात. पहिली कधी सात अठ्ठावीसला येते, कधी सात बत्तीसला. दुसरी कधी सात दहालाच निघून जाते, कधी पावणेआठ उलटले तरी पत्ता नाही. तू कुणाच्या भरवशावर नोकरीला जाशील?"

"पहिलीच्या."

"सरासरी दोघींची सारखी असून?"

"सरासरीत बसून थोडंच जायचंय, मॅडम? एसटीत बसून जायचंय."

पद्माला हसू आलं. तीस वर्षांत कुठल्या पोरानं इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. "अगदी बरोबर. सरासरी सांगते, मध्य कुठं आहे. आकडे त्या मध्यापासून किती भटकतात, ते सांगतो व्हेरियन्स. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब, ते काढायचं. काही वर, काही खाली, नुसती बेरीज केलीस तर एकमेकांना खाऊन शून्य होतं. म्हणून आधी प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा, मग बेरीज, आणि आठ आकडे असतील तर सातानं भागायचं."

"आठ हायत तर सातानं का?"

"कारण सरासरी त्याच आठांतून काढलीय. सात आकडे कळले की आठवा आपोआप ठरतो, तो मोकळा राहत नाही. आता बघ, तुझ्या आकड्यांचा व्हेरियन्स आला पंचाण्णव शतांश. अलिबागचा नऊ शतांश. मोठ्याला छोट्यानं भागायचं, हीच एफ टेस्ट. दोन्ही यंत्रं एकसारखी असती तर भागाकार एकाच्या आसपास आला असता. योगायोगानं दोन येईल, तीन येईल. आठ-आठ आकड्यांना या टेस्टचा छापील तक्ता म्हणतो, पाचापर्यंत योगायोग समजून सोडून द्या. नुसत्या योगायोगानं पाचाच्या वर जाणं शंभरात पाचदाच घडतं. आणि तुझा आलाय दहा!"

मृणालीनं कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याकडचे आकडे जास्त भटकतात, हे नक्की."

"नक्की."

"कशामुळं भटकतात, ते पण तक्ता सांगतो?"

"कशामुळं म्हणजे? यंत्रामुळं."

"न्हाय, ते तक्त्यानं सांगितलं का तुम्ही?"

पद्माला तिचाच फळा आठवला. दर वर्षी जूनमध्ये ती फळ्यावर लिहायची: तुलना करायची तर बाकीची परिस्थिती दोन्हीकडं सारखी हवी. पोरं ते उतरवून घ्यायची नाहीत, म्हणून ती त्यांच्यावर खेकसायची.

मृणालीनं रजिस्टर ओढलं. "मी रक्त घेताना सगळ्यांना विचारून लिवते, काय खाल्लं, कधी खाल्लं. शुगरवाल्यांसाठी सवय लागली. वारही लिवते. तुम्ही वार घेतलेत?"

"वार कशाला हवेत? टेस्टला फक्त आकडे लागतात."

"अलिबागला कुठल्या वारी नेता?"

"शनिवारी. दर शनिवारी."

पोरीनं पद्माचंच पेन घेतलं आणि तिच्याच कागदावर, रेवदंड्याच्या आठ आकड्यांपुढं एकेक वार लिहिला. एक पूर्णांक नऊ, सोमवार. दोन पूर्णांक एक, सोमवार. पुन्हा दोन पूर्णांक एक, सोमवार. दोन पूर्णांक चार, मंगळवार. तीन पूर्णांक चार आणि तीन पूर्णांक आठ, बुधवार. चार आणि चार पूर्णांक तीन, दोन्ही गुरुवार.

पद्मानं कागद जवळ ओढला. यंत्र कुठलं भटकतंय! यंत्र तर बिचारं जे होतं तेच सांगत होतं. रक्त भटकत होतं. दर आठवड्याला सोमवारी तळ, गुरुवारी टोक, आणि शनिवारी वरून खाली येताना नेमकं तीनपाशी. आठही शनिवार तिनं त्याला त्याच एका पायरीवर गाठलं होतं आणि वर म्हणत होती, बघा कसा स्थिर आहे.

"पण का?" ती जवळजवळ ओरडलीच. "मी रोज त्यांचं ताट झाकून जाते. रोज वाटीभर पालेभाजी, मोजून. डॉक्टरांनीच सांगितलंय, हिरवी पालेभाजी गोळीच्या उलट काम करते, म्हणून रोज सारखीच खायची. एक दिवस चुकवलेला नाही मी!"

मृणालीनं मान खाली घातली. "काका म्हणाले होते, मॅडमना बोलू नको. चातुर्मासाचा नेम हाय त्यांचा. ऑपरेशनच्या टेबलावर देवाला बोलले होते. सोमवार, मंगळवार, बुधवार दुपारचं पान गायीला. मग गुरुवार-शुक्रवारी राहिलेली भाजी भरून काढायची. मला वाटलं, आमच्याकडं पण करतात नेम, त्यात काय." तिचा आवाज बारीक झाला. "पालेभाजीचं मला सुचायला पायजे होतं, मॅडम."

पद्मा तिच्यावर काय रागावणार! नवरा-बायको एका छपराखाली, आणि नवऱ्याचं जेवण कोण जेवतंय ते रेवदंड्याच्या पोरीला ठाऊक, गायीला ठाऊक, बायकोला नाही. ती सकाळी सातला बाहेर पडायची, संध्याकाळी सहाला परतायची, ताट घासूनपुसून पालथं घातलेलं दिसायचं. किती समाधान वाटायचं तिला त्या ताटाचं.

आणि मग तिला वार आठवला. आज गुरुवार. तीन दिवसांत हिरवं पान पोटात नाही. वर शनिवारपासून वाढवलेली गोळी. ती तिनंच वाढवायला लावलेली, कागद उलगडून, डॉक्टरला गप्प करून.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. माधव कधी फोन उचलायचा राहायचा नाही, वाडीत असला तरी बनियनच्या खिशात फोन असायचा. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. "देवा," ती म्हणाली, "देवा, आज नको रे." मृणालीनं बोटाला टोचायचं यंत्र पिशवीत कोंबलं, शटर खाली ओढलं आणि पद्माच्या हाताला धरून तिला बाहेर थांबलेल्या रिक्षात बसवलं.

धर्मानं रिक्षा अशी हाणली की चौलच्या वळणावर समोरून येणारा टेम्पोवाला आईबहिणीवरून ओरडला. अंगणात कृष्णाबाई उभी होती. ती वाडीत काम करायची आणि तिचीच ती गाय, तीन दिवस माधवचं ताट खाणारी.

"वैनी, बरं झालं आलात. भाऊ सकाळच्याला विहिरीच्या पायरीवरनं घसरलं. टेंगूळ आलंय मागं. मी म्हटलं फोन करते, तर म्हणाले, नको, कॉलेजात हाय ती. दोनदा ओकलेत. आता नुसते पडून हायत."

माधव ओटीवरच्या पलंगावर डोळे मिटून पडला होता. पद्माचा आवाज ऐकून त्यानं डोळे उघडले आणि हसला. "पित्त झालंय गं. तू इतक्या लवकर कशी?" मग त्याला मागं मृणाली दिसली, आणि चोरी पकडलेल्या पोरासारखं त्याचं तोंड झालं.

मृणालीनं बोट टोचलं. यंत्र थोडा वेळ घेतं, तेवढ्या वेळात पद्मानं त्याच्या डोक्यामागून हात फिरवला. टेंगूळ लिंबाएवढं, गरम. यंत्रावर आकडा आला तेव्हा मृणालीनं तो वाचून दाखवला नाही, नुसता पद्मापुढं धरला. सहा पूर्णांक दोन. टोचलेल्या बोटावर दाबलेला कापूस भिजला, दुसरा घेतला, तोही भिजला.

"पद्मा, रागावू नकोस," माधव म्हणाला. "मी सरासरी बिघडवलेली नाही. आठवड्याच्या सात वाट्या म्हणजे सात वाट्या. कॅलेंडरवर खुणा आहेत बघ. सोमवार ते बुधवार शून्य, गुरुवार-शुक्रवार कृष्णाबाईकडून जास्तीची करवून मिळून पाच, मग शनिवार, रविवार एकेक. तूच म्हणतेस ना नेहमी, एका दिवसाचं काय घेऊन बसायचं, सरासरी बघावी."

म्हणायची ती तसं. गेली तीस वर्षं उठता बसता म्हणायची. सुपारी कमी उतरली, सरासरी बघा. वर्गातल्या पोरीला एका पेपरात कमी मार्क पडले, सरासरी बघा. घरातल्या माणसानं तेवढं एकच वाक्य तिच्या विद्येतून उचललं, आणि बाकीची विद्या तिनं घरी कधी आणलीच नाही. तिला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं.

डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, "ताबडतोब आणा. डोक्यात रक्त असेल तर एकेक मिनिट महाग आहे. मी गोळीच्या उताऱ्याचं इंजेक्शन तयार ठेवतो. आणि झोपू देऊ नका, बोलतं ठेवा." अँब्युलन्स मुरुडकडं गेलेली होती, यायला पाऊण तास. "बसवा रिक्षात," धर्मा म्हणाला. मृणाली पुढं धर्माच्या बाजूला अंग चोरून बसली, मागं पद्मा, आणि पद्माच्या खांद्यावर माधव.

चौल ते अलिबाग, गणपती होऊन गेल्यावरचा रस्ता. कुणाला सांगायला नको. खड्डा आला की पद्मा दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरायची.

"कुणाशी भांडायला गेली होतीस?" माधवनं विचारलं. डोळे मिटत होते त्याचे.

"डोळे उघडा. सांगते. मृणालीशी. आकड्यांवरून."

"सांग ना मग. मला कधी सांगत नाहीस तुझं ते."

तेवढं ऐकून तिला रडू फुटलं. पण रडत बसायला वेळ कुठं होता? तिनं नाक पुसलं. एसटीची गोष्ट त्याच्या कामाची नव्हती. "अहो, ऐका. आपल्या पोफळीला रोज एक कळशी पाणी लागतं असं समजा. आठवड्याला सात. मी तीन दिवस थेंब दिला नाही आणि मग दोन दिवसांत पाच कळश्या ओतल्या, तर?"

"वेडी का तू? आधी सुकेल, मग मुळं कुजतील."

"पण सरासरी रोज एक कळशीच ना?"

त्याचे डोळे पुन्हा मिटले. नागावचा स्टॉप मागं पडला. तिनं त्याचा गाल थोपटला. "अहो! सरासरी एकच ना?"

"एकच," तो हळूच म्हणाला. "पण पोफळ... सरासरी पीत नाही."

"नाही पीत हो. तेच शिकवते मी. आणि तेच विसरले. दोन ठिकाणचे आकडे किती हेलकावे खातात, ते ताडून बघायची एक चाचणी आहे. मी ती लावली. एकीकडं हेलकावे दहापट निघाले. मी म्हटलं, यंत्र खराब."

"चाचणी चुकली?"

"चाचणी बरोबर होती. तिनं एवढंच सांगितलं, की कुणीतरी हेलकावे खातंय. कोण, ते तिनं सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं. आणि तुमची गोळी वाढवली." तिनं त्याचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं. "मी वाढवली. डॉक्टर नको म्हणत होते."

माधवनं तिच्या हातावर हात ठेवायला उजवा हात उचलला. हात अर्ध्यावर आला आणि मांडीवरून घसरून पिशवीसारखा लोंबायला लागला. त्यानं हाताकडं बघितलं. तो आपला नसल्यासारखं बघितलं. "नेम... माझा होता," तो म्हणाला. शब्द जड येत होते. "तुझा... नाही. किती आली सरासरी?"

"तीन."

"दोघांची?"

"दोघांची तीन. अहो, झोपू नका. इकडं बघा. आपण कुठं आलो, सांगा बघू. हे कुठलं गाव?"

अक्षीचा रस्ता होता. तीस वर्षं रोज बघितलेला.

"तीन," माधव म्हणाला.

"गाव विचारतेय हो मी. गाव."

"तीन."

"धर्मा, पळव रे! पळव!" पद्मा किंचाळली. धर्मानं हॉर्नवरचा हात काढला नाही. मृणाली मागं वळून माधवचे पाय घट्ट धरून बसली होती आणि फोनवर कुणाला तरी पुन्हा पुन्हा सांगत होती, "सहा पूर्णांक दोन, सर. अर्ध्या तासापूर्वीचा. न्हाय, माझं यंत्र बरोबर हाय."

त्या एका आकड्यानं पुष्कळ केलं, हे डॉक्टरांनी नंतर स्वतः कबूल केलं. अपघात विभागाच्या दारातच इंजेक्शन दिलं, रक्ताच्या पिशव्या आधीच मागवून ठेवल्या होत्या. तासाभरात डोक्याचा फोटो निघाला. डोक्यात डाव्या बाजूला रक्त साकळलं होतं. वाढायचं थांबलं तर वाचतील, मुंबईला हलवायचं की नाही ते दोन तासांनी ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं परत येईल की नाही, ते आज कुणीच सांगू शकत नाही. आणि धातूची झडप तर आहेच. आता रक्त फार घट्ट करून चालत नाही, पातळ ठेवून चालत नाही. पद्मानं ऐकून घेतलं. त्या एवढ्याशा फटीत तो पुन्हा उभा होता, आणि या वेळी तिथं तिनंच ढकललेला.

नर्सनं माधवचं नाव विचारलं. "तीन," तो म्हणाला. गाव विचारलं. "तीन." तो मन लावून उत्तर देत होता, चुकतंय हे त्याला कळत नव्हतं. नर्स निघून गेली.

मृणाली पद्माजवळ येऊन उभी राहिली. टेबलावरनं घाईत उचललेला तो आकड्यांचा कागद अजून तिच्याच हातात होता. शेवटी म्हणाली, "मॅडम, तो कागद फाडून टाकू?"

"नको. राहू दे." पद्मानं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग पलंगाजवळ स्टूल ओढून बसली. माधवचे डोळे उघडे होते आणि तो तिच्याचकडं बघत होता, प्रेमानं, काही मागत असल्यासारखा.

तिनं त्याच्यापुढं दोन बोटं धरली. "अहो, किती?"

"तीन."

तिनं चार बोटं धरली. "आता किती?"

"तीन," माधव म्हणाला, आणि बरोबर आलं ना, अशा डोळ्यांनी तिच्याकडं बघत राहिला.

तीन बोटं मात्र तिला त्याच्यापुढं धरवेनात. उत्तर बरोबर आलं असतं, आणि त्यावरून तिला काहीच कळलं नसतं.